जुनी डोंगरी मोटार : आधी दुरुस्ती, मग सुधारणा

चंडीगडहून काल्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी चंडीमंदिर ही लष्करी छावणी वसलेली आहे. लष्कराच्या पश्चिम विभागाचे मुख्यालय १९८५ साली सिमल्याहून येथे आले. त्याच वर्षी मारुती जिप्सी ही मोटार भारतात विक्रीस आली. वजनाने हलकी, बांध्याने मजबूत आणि चारही चाकांना इंजिनाची शक्ती पोचविणारी ही गाडी पुढे लष्करात, पोलिसांत व डोंगराळ मुलखातील सामान्य नागरिकांत सारखीच लोकप्रिय झाली. २०१९ च्या सुमारास तिची नागरी विक्री थांबली. तेव्हा आज एखाद्या अंगणात जी जिप्सी उभी दिसते, ती जुनीच असावयाची.

अशी गाडी घरी नीट करावयास घेणारा मनुष्य बहुधा प्रथम मोठे टायर विकत आणतो व उंच पाटे बसवितो. गाडी रुबाबदार दिसू लागते, परंतु जुन्या यंत्रावर नवा भार पडतो. मोटारीचा कोणताही भाग एकटा नसतो. एक भाग बदलला की त्याचा परिणाम दुसऱ्या अनेक भागांना सोसावा लागतो. हे एका साध्या हिशेबाने स्पष्ट होईल.

मोठ्या टायरांचा हिशेब

जिप्सीला बसणाऱ्या २०५/७० आर १५ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी हौशी लोक २३५/७५ आर १५ हा टायर बसवितात. त्याचा व्यास सुमारे ७३४ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दहा टक्क्यांनी अधिक असतो. लाभ एवढाच की, आसाखालची मोकळी जागा ३३ मिलिमीटरांनी वाढते.

आता त्याची किंमत पाहू. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात गाडी दहा टक्के अधिक अंतर कापते. म्हणून वेगमापक ६० किलोमीटर दाखवीत असता खरा वेग सुमारे ६६ असतो. चढावर मात्र गाडीची ओढ तितक्याच प्रमाणात घटते, कारण १,२९८ घन सेंटिमीटरांच्या त्याच इंजिनाला आता अधिक मोठे चाक फिरवावयाचे असते. ब्रेकची गोष्टही तशीच आहे. चाक मोठे झाले, पण ब्रेकची तबकडी तेवढीच राहिली. सबब तितक्याच अंतरात गाडी थांबविण्यास ब्रेकवर दहा टक्के अधिक जोर द्यावा लागतो.

उताराची परीक्षा

हा जादा जोर किती महत्त्वाचा आहे, ते सिमल्याहून उतरताना कळते. सिमला समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे आणि काल्का सुमारे ६५० मीटरांवर. माणसे व सामान धरून १,३०० किलो वजनाची गाडी हे अंतर उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तीत पन्नास लिटरांहून अधिक पाणी उकळू शकेल. यातील काही भाग हवेच्या व रस्त्याच्या विरोधात खर्ची पडतो. चालकाने खालचा गिअर ठेवला असल्यास बराच भाग इंजिन शोषून घेते. उरलेल्या सर्व ऊर्जेची उष्णता ब्रेकमध्येच होते.

ब्रेकचा दाब चाकांपर्यंत नेणारे तेल हवेतील ओलावा शोषीत असते. डॉट ३ प्रतीचे ताजे तेल २०५ अंश सेल्सिअसच्या खाली उकळता कामा नये, असे प्रमाण आहे. ओलावा शोषलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही. त्यामुळे पायाखालची पट्टी खाली जाते आणि गाडी मात्र थांबत नाही. दुरुस्तीचा आरंभ ब्रेकपासून का करावा, याचे उत्तर यात आहे.

कामाचा क्रम

गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर घ्यावी, चाकांना अडणी लावावी आणि जॅकने उचलल्यावर चासीखाली भक्कम घोड्या दिल्यावाचून कोणीही खाली शिरू नये. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, तोलून धरण्याचे नव्हे.

प्रथम ब्रेकचे तेल, रबरी नळ्या व अस्तरे तपासावीत. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्याने तेथील धूळ फुंकरीने न उडविता ओल्या फडक्याने पुसावी. नंतर चासी पाहावी. नदीनाल्यांतील चिखल तिच्या पोकळ भागांत साचून राहतो व लोखंड आतून गंजते. हातोडीने हलके ठोकल्यास धड लोखंड खणखणते, गंजलेले बद्द वाजते. सुकाणू थरथरत असेल, तर पुढील चाके ज्या खुंट्यांवर वळतात त्यांची बेअरिंगे झिजलेली असू शकतात. पुढच्या चाकांना शक्ती देणारा दांडा कोरड्या, पक्क्या रस्त्यावर जोडू नये. वळणावर पुढील चाके मागील चाकांपेक्षा लांब वाट चालतात, आणि त्या फरकाचा ताण दंतचक्रांना सोसावा लागतो.

इंजिनाचे आरोग्य दाबमापकाने कळते. चारही सिलिंडरांतील दाब जवळजवळ सारखा असावा. एकात तो कमी भरल्यास चमचाभर इंजिन ऑइल आत सोडून पुन्हा मोजावा. दाब वाढला तर पिस्टनच्या कड्या झिजल्या आहेत, न वाढला तर दोष बहुधा झडपांत आहे. एवढी परीक्षा घरी होते. इंजिन उघडण्याचे काम मात्र जाणत्या कारागिराकडेच सोपवावे.

सुधारणा कोणती करावी?

हे सर्व झाल्यावर सुधारणांचा विचार योग्य ठरतो. चांगले दिवे, नवे धक्काशोषक, सर्व प्रवाशांसाठी पट्टे आणि मूळ मापाचे पण उत्तम पकडीचे टायर यांनी जुन्या भागांवर विशेष भार न पडता सुरक्षितता वाढते. उंच पाटे बसविल्यास गुरुत्वमध्य वर सरकतो आणि ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील मूळ तपशिलांत बदल होईल असे फेरफार करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली हेच स्पष्ट केले. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते व तपासणीनंतर पाच पाच वर्षांसाठी वाढते. मनमानी बदल केलेली गाडी त्या तपासणीत अडकते.

जुनी गाडी नवी होत नाही, परंतु विश्वासार्ह होऊ शकते. काल्क्याच्या उतारावर मालकाला उपयोगी पडते ती चाकाची उंची नव्हे. ब्रेकच्या नळीतील ताजे तेलच तेथे कामी येते.