हाताला दिसतं ते

घरात जुना अडकित्ता असेल तर शोधून काढा. नसेल तर खलबत्त्यातला बत्ता चालेल, पळी चालेल, कंदीलही चालेल. विळी मात्र नको. आता डोळे मिटा आणि ती वस्तू हातात घ्या.

मी परवा आजीच्या अडकित्त्यावर हा प्रयोग केला. आधी कळला तो गारवा. मग वजन, आणि तेही सगळं पुढे, खिळ्याच्या बाजूला. हातात धरला की त्याचं तोंड आपसूक खाली झुकतं, सुपारीकडे. दांड्यांची टोकं किंचित बाहेर वळलेली, हात निसटू नये म्हणून. आणि वरच्या दांडीवर एक गुळगुळीत, खोलगट जागा. माझा अंगठा तिथे गेला आणि बसलाच. ती जागा लोहाराने घडवलेली नाही. आजीच्या अंगठ्याने वर्षानुवर्षं दाबून दाबून ती केली आहे. हा अडकित्ता मी लहानपणापासून बघत आलोय. ती जागा मला कधी दिसली नव्हती.

हात किती हुशार असतो, हे मोजून पाहिलेलं आहे. 1985 साली रॉबर्टा क्लात्झ्की, सुसान लेडरमन आणि त्यांच्या एका सहकारी संशोधिकेने काही लोकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि रोजच्या वापरातल्या 100 वस्तू एकेक करून त्यांच्या हातात दिल्या. सुमारे 96 टक्के वेळा लोकांनी वस्तू बरोबर ओळखली, आणि बहुतेक उत्तरं पाच सेकंदांच्या आत आली. पुढे 1987 मध्ये लेडरमन आणि क्लात्झ्की यांनी हाताच्या हालचालींची वर्गवारीच केली. पोत कळायला हवा असेल तर बोट मागेपुढे घासतं. टणकपणासाठी दाबतं. गारवा-ऊब जोखायची तर नुसतं टेकून राहतं. वजनासाठी हात वस्तू उचलून तोलतो, ढोबळ आकारासाठी ती मुठीत घेतो आणि बारीक आकारासाठी कडेकडेने बोट फिरवतो. मंडईत वांगं तोलणाऱ्या, आंबा देठाशी हलकेच दाबणाऱ्या, लुगड्याचा पदर चिमटीत चोळून पाहणाऱ्या बायकांना हे सगळं कुठलाही शोधनिबंध न वाचता येत होतं, ती गोष्ट वेगळी.

बोटाच्या टोकाची ताकद तर विश्वास बसू नये अशी आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी 2013 साली दाखवून दिलं, की अवघ्या 13 नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या असलेला पृष्ठभाग आणि सपाट पृष्ठभाग यांतला फरक बोटाला कळतो. माणसाच्या केसाची जाडी याच्या काही हजार पट असते.

आणि मग आपण संग्रहालयात जातो. दारातच पाटी: वस्तूंना हात लावू नये. डोळस माणसासाठी ही साधी सूचना आहे. जन्मांध माणसाला तीच पाटी सांगते, की आत या, पण पाहू नका.

पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचंच बघा. दिनकर केळकरांनी आयुष्यभर हिंडून गोळा केलेल्या वस्तूंचं हे घर, अकाली गेलेल्या त्यांच्या मुलाच्या, राजाच्या नावाने उभं राहिलेलं. तिथला मोठा ऐवज राजेरजवाड्यांचा नाहीच. तो तुमच्या-माझ्या पणज्यांचा आहे: दिवे, पानपुडे, कुलपं, फण्या, कात्र्या, वाद्यं आणि अडकित्ते. म्हणजे ज्या वस्तूंचा जन्मच मुठीसाठी झाला त्या. चित्र डोळ्यांसाठी काढलेलं असतं, ते दुरून पाहिलं तर पाहणाऱ्याचं काही बुडत नाही. अडकित्ता दुरून पाहणं म्हणजे गाणं छापील नोटेशनवरून ऐकण्यासारखं आहे. काचेपुढे उभे असलेले आपण सगळेच थोडेफार अंध असतो. आपल्याला ते जाणवत नाही एवढंच.

ही काच काही पहिल्यापासून नव्हती. ऑक्सफर्डचं अ‍ॅशमोलियन संग्रहालय 1683 साली उघडलं तेव्हा पाहुणे वस्तू उचलून, उलटून, हुंगून पाहत. 1710 मध्ये तिथे गेलेल्या उफेनबाख नावाच्या जर्मन प्रवाशाने वैतागून लिहून ठेवलंय, की लोक इकडेतिकडे धावतात आणि दिसेल ते पकडतात. पुढे गर्दी वाढली, काच आली, दोरी आली, आणि 'पाहणं' म्हणजे डोळ्यांनी पाहणं असं ठरून गेलं.

काच लावणाऱ्यांचंही चुकलं नाही म्हणा. घामात क्षार आणि आम्ल असतं, कातडीवर तेल असतं. चकचकीत धातूला उघडा हात लागला की काही काळाने बोटांचा ठसा त्यावर कायमचा उमटू शकतो. दगडही हाताने झिजतो. देवळातल्या नंदीची पाठ आठवा, काळ्या आरशासारखी झालेली. एका हाताने काही होत नाही, लाखो हातांनी होतं. मग हाताला वाट करून द्यायची कशी?

पहिला उपाय प्रतिकृतीचा. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात 2015 साली 'अनुभव' नावाचं दालन सुरू झालं. तिथे संग्रहातल्या निवडक वस्तूंच्या प्रतिकृती हात लावून पाहण्यासाठीच मांडल्या, सोबत ब्रेल पाट्या आणि ऐकायला ध्वनिमुद्रित माहिती. इटलीतल्या अंकोना शहरात तर अख्खं संग्रहालयच या कल्पनेवर उभं आहे. आल्दो ग्रासिनी आणि दानिएला बोत्तेगोनी हे दोघं नवरा-बायको, दोघंही अंध, दोघांनाही प्रवासाचं वेड. गावोगावच्या संग्रहालयांत 'हात लावू नका' ऐकून कंटाळले आणि 1993 मध्ये त्यांच्या पुढाकाराने 'म्युझेओ ओमेरो' सुरू झालं. नाव होमरचं, कारण परंपरा त्या कवीला अंध मानते.

पण प्रतिकृतीत एक गंमत आहे, आणि फसगतही. संग्रहालयाच्या खोलीत तांब्याचा गडू आणि लाकडी पाट शेजारी ठेवले तर दोघांचं तापमान सारखंच असतं. तरी गडू गार लागतो. कारण बोटाला वस्तूचं तापमान थेट कळत नाही. बोटातून ऊब किती वेगाने निघून जाते, ते कळतं. तांबं लाकडाच्या दोन हजारांहून जास्त पटींनी उष्णता वाहून नेतं, म्हणून ते बोटातली ऊब ओढून घेतं. आता याच गडूची थ्री-डी प्रिंटरवर प्लास्टिकची प्रत काढली. डोळ्याला हुबेहूब. हातात घेतली की पोकळ, कोमट, टिचकी मारली तर मुकी. हाताच्या दृष्टीने ही प्रतिकृती नव्हेच. म्हणून कांस्याची प्रत शक्यतो धातूत ओतायची, दगडाची दगडात घडवायची. महाग पडतं, पण डोळ्यांसाठी केलेली नक्कल हातापुढे ठेवली तर दिलं काय आणि न दिलं काय.

दुसरा उपाय माझ्या मते जास्त आपल्या मातीतला आहे, कारण घरगुती वस्तू एकट्या-दुकट्या नसतात. केळकर संग्रहालयात सुमारे 20,000 वस्तू आहेत, आणि त्यांतल्या थोड्याच एका वेळी मांडता येतात. छोट्या गावांतल्या संग्रहालयांतही समया, कुलपं, मापं डझनांनी असतात. त्यातली एक समई, एक कुलूप, एक पायली बाजूला काढायची आणि ती हातांची म्हणून जाहीर करायची. ती झिजेल. झिजू दे, ती झिजण्यासाठीच घडवली होती.

आता एक जुनं कोडं, कारण या सगळ्याच्या मुळाशी तेच आहे. 1688 साली आयर्लंडच्या विल्यम मॉलिन्यूने तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना विचारलं: जन्मांध माणूस हाताने गोळा आणि ठोकळा ओळखतो, त्याला उद्या दिसू लागलं तर नुसत्या नजरेने तो ते ओळखेल का? उत्तर मिळायला तीनशेहून अधिक वर्षं लागली, आणि ते मिळालं दिल्लीत. पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मध्ये शस्त्रक्रियेने दृष्टी मिळालेल्या पाच मुलांनी ते दिलं. 2011 साली ते प्रसिद्ध झालं. हाताने नुकतीच चाचपलेली वस्तू डोळ्यांना ओळखता आली नाही. काही दिवसांत दोघांची ओळख झाली. म्हणजे हाताचं ज्ञान आणि डोळ्याचं ज्ञान ही एकाच पुस्तकाची दोन भाषांतरं नव्हेत, पुस्तकंच दोन आहेत.

ब्रेलमधली पाटी हे आणखी एक नवल. सहा टिंबांच्या जागा, त्यांतून 63 चिन्हं, आणि 1951 पासून भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल. आपल्या लिपीत 'कि' लिहिताना पहिली वेलांटी आधी येते, उच्चार मात्र क-चा आधी होतो. शाळेत याचं कुणाला आश्चर्य वाटत नाही. ब्रेलमध्ये आधी क, मग वेलांटी, जसं तोंडातून येतं तसं. पण मात्रा, वेलांट्या सगळ्या वेगळ्या घरांत बसतात आणि एकेक घर सुमारे सहा मिलिमीटर रुंद, ओळ सुमारे दहा मिलिमीटर उंच. साठ शब्दांच्या पाटीला जवळजवळ अर्धं ए-फोर पान लागतं. म्हणून 'सदर वस्तू ही अठराव्या शतकातील असून' वगैरे पाल्हाळ ब्रेलला परवडत नाही. आणि ही पाटी भिंतीवर ठोकली तर मनगट उलटं वळतं. ती कंबरेच्या उंचीवर, लेखनाच्या डेस्कसारखी तिरकी हवी. हे न कळलेल्या पाट्या मी पाहिल्या आहेत. एक तर काचेच्या आत होती.

अर्थात वस्तूपर्यंत पोचलो तर. गावोगावची संग्रहालयं वाड्यांत आहेत, आणि वाडा बांधलाच होता माणूस अडवायला. दिंडी दरवाजा बघा: उंच उंबरा, बुटकी चौकट, म्हणजे येणाऱ्याने मान खाली घालून, एकेकट्याने, पाय उचलून यावं. व्हीलचेअरला साधारण 90 सेंटिमीटर रुंदीची वाट लागते. दिंडीतून ती मिळत नाही. पण मोठा दरवाजा उघडला तर जिथून पालखी जायची तिथून खुर्ची सहज जाईल. बऱ्याच वाड्यांत प्रश्न बांधकामाचा नसून मोठ्या दरवाजाची कडी काढण्याचा आहे.

मग जोतं. समजा तीन फूट उंच. रॅम्पचं ठरलेलं प्रमाण एकास बारा, म्हणजे तीन फूट चढायला 36 फूट उतार, मध्ये दम घ्यायला एक सपाट टप्पा. एवढा लांब कशाला? गणित सोपं आहे. माणूस आणि खुर्ची मिळून 90 किलो धरले तर एकास बाराच्या चढावर साधारण साडेसात किलो उचलण्याइतका जोर लावावा लागतो. तोच चढ एकास सहा केला की पंधरा. आणि जोत्याला नऊ फुटांची फळी टेकवून 'झाला की रॅम्प' म्हणणाऱ्यांच्या चढावर जवळजवळ तीस, उतरतानाही तेवढाच जोर आवरायचा. आत पोचल्यावर खुर्चीतल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण पावणेचार फुटांवर. कपाट उभ्या माणसाच्या मापाचं असेल तर त्याला वरच्या फळीचा तळ तेवढा दिसतो. दुसरी-तिसरीतल्या पोरांनाही तेच.

कर्णबधिरांचं काय, पाट्या वाचतील की, असं आपल्याला वाटतं. पण जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा खुणांची असते. मराठी त्यांनी परकी भाषा शिकावी तशी शिकलेली असते. भारतीय सांकेतिक भाषेच्या अधिकृत शब्दकोशात 2021 पर्यंत 10,000 शब्द झाले. या भाषेत बऱ्याच वस्तूंची खूण म्हणजे ती वस्तू वापरण्याची हालचाल. पुन्हा हातच. पाटी सांगते 'गुलाबदाणी', आणि खूण करणारा हात ती धरून पाणी शिंपडतो.

कायद्याचं म्हणाल तर 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात सार्वजनिक इमारती सुगम करण्याची मुदत आहे, ती उलटून गेली. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की सुगमतेचे किमान निकष नुसते मार्गदर्शक राहता कामा नयेत, बंधनकारक हवेत.

मला मात्र राहून राहून वज्री आठवते. न्हाणीघरात टाचा घासायची ती जुनी वस्तू: खाली खरखरीत, वर धरायला मोर किंवा पोपट. पितळी वज्र्या काही पोकळ असत आणि त्यांच्या पोटात बारीक खडे घातलेले असत. टाच घासली की आत खुळखुळ वाजायचं. पहाटे अंधारात, दिवा नसताना, न्हाणीत कोण आहे ते घराला त्यावरून कळत असेल. काचेच्या कपाटात ती वज्री छान दिसते. पाटीवर धातू लिहिलेला असतो, शतक लिहिलेलं असतं. कपाटात ठेवल्या दिवसापासून ती वाजलेली नाही.