पाच व्होल्टांत किती उघडतो?

अर्डुइनो उनो बोर्डवरची एटीमेगा328पी ही चिप सेकंदाला 1 कोटी 60 लाख ठोक्यांच्या तालावर चालते. पण तिच्या एका पिनेतून 20 मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह सतत घेऊ नये. 40 मिलिअँपिअर ही तर चिपच्या जिवाची हद्द. एवढ्यात एखादा एलईडी लागतो. बारा व्होल्टांची एलईडी पट्टी किंवा छोटा पाण्याचा पंप सहज 2 अँपिअर ओढतो, म्हणजे पिनेच्या ऐपतीच्या शंभरपट. तरीही रुपयांत मोजता येईल एवढ्या किमतीचा, तीन पायांचा एक तुकडा, म्हणजे ट्रान्झिस्टर, मध्ये बसवला, की तीच पिन पंप चालू-बंद करू लागते.

डिसेंबर 1947मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. विल्यम शॉकली यांच्यासह त्यांना 1956चे नोबेल मिळाले. त्याच प्रयोगशाळेत 1959च्या सुमारास मोहम्मद अताल्ला आणि डावोन कांग यांनी मॉसफेट घडवला. आज हौशी माणसासमोर असलेली घराणीही हीच दोन: प्रवाहाने चालणारा बायपोलर आणि विद्युतदाबाने चालणारा मॉसफेट.

बायपोलरमधला सर्वांच्या ओळखीचा बीसी547. त्याची मर्यादा 45 व्होल्ट आणि 100 मिलिअँपिअर. पाच व्होल्टांच्या नेहमीच्या निळ्या रिलेची कॉइल सुमारे 70 मिलिअँपिअर घेते, म्हणजे तिथे तो चालतो. नवशिका इथे डेटाशीटमधला ‘गेन 300’ वाचतो आणि पाव मिलिअँपिअर बेस-प्रवाह पुरेल असा हिशेब मांडतो. पण तो आकडा वर्धकाच्या कामाचा आहे. स्विच म्हणून ट्रान्झिस्टर पूर्ण उघडायचा, तर बेसला मुख्य प्रवाहाचा दहावा ते विसावा भाग द्यावा लागतो. पिनेच्या 5 व्होल्टांतून बेसचे 0.7 वजा केले की 4.3 उरतात. मध्ये 1 किलो-ओहमचा रेझिस्टर टाकला, तर 4.3 मिलिअँपिअर मिळतात. 70साठी ते पुरेसे आहेत.

हाच हिशेब 2 अँपिअरसाठी केला, तर बेसलाच 100 ते 200 मिलिअँपिअर लागतात. पिन तेवढे देऊच शकत नाही. यावर जुना तोडगा म्हणजे टिप120: एकाच डबीत एकामागे एक जोडलेले दोन ट्रान्झिस्टर. बेसला थोडा प्रवाह पुरतो, पण उघडल्यावरही त्याच्यावर सुमारे 1 व्होल्ट अडकून राहतो. 2 अँपिअरला ती 2 वॅट उष्णता झाली. हीटसिंक नसेल, तर या डबीचे तापमान दर वॅटला साधारण 62 अंशांनी चढते, म्हणजे खोलीच्या तापमानावर सव्वाशे अंश! असंख्य जुन्या प्रकल्पांत टिप120 आहे आणि तो चालतोही, पण आज नव्याने घेण्यासारखे त्याच्यात काही उरलेले नाही.

मॉसफेटचा चमत्कार वेगळा आहे. त्याचे गेट सिलिकॉनपासून ऑक्साइडच्या अतिशय पातळ थराने तोडलेले असते. आत सतत वाहणारा प्रवाह जवळजवळ नाही; नुसता दाब दिला की पलीकडे वाट तयार होते. मोठ्या मॉसफेटच्या एका चकतीवर अशा हजारो सूक्ष्म पेशी समांतर काम करत असतात, म्हणून त्याचा रोध ओहमच्या हजारांश भागांत मोजावा लागतो.

निवड फसते तीही इथेच. डेटाशीटच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत ‘49 अँपिअर’ असते. आयआरएफझेड44एनचा हा आकडा खरा आहे, पण गेटला 10 व्होल्ट मिळाले तरच. मग वाचक ‘थ्रेशोल्ड 2 ते 4 व्होल्ट’ ही ओळ पाहतो आणि आपले 5 व्होल्ट पुरतील असे धरून चालतो. थ्रेशोल्ड म्हणजे दार नुसते किलकिले होण्याचा दाब. त्या दाबाला पाव मिलिअँपिअर वाहतो, एवढेच ती ओळ सांगते. 5 व्होल्टांवर एखादा नग चालून जातो, त्याच पुडीतला दुसरा अर्धवट उघडून भाजून निघतो. अर्डुइनोसाठी म्हणून सर्रास विकल्या जाणाऱ्या आयआरएफ520च्या छोट्या बोर्डचेही तेच आहे. 3.3 व्होल्टांच्या ईएसपी32 बोर्डवर तर हा मॉसफेट अजिबात उघडला नाही, तरी डेटाशीट खोटी ठरत नाही.

शोधायची ओळ वेगळी: चालू स्थितीतला रोध, आणि तो गेटच्या किती व्होल्टांना मोजला आहे. आयआरएलझेड44एन (‘एफ’च्या जागी ‘एल’ आहे, तेवढे पाहून घ्यावे) 5 व्होल्टांवर जास्तीत जास्त 25 मिलिओहमची हमी देतो. 2 अँपिअरचा वर्ग 4, त्याला 0.025ने गुणले की 0.1 वॅट. तापमान सहा-सात अंश चढेल, हीटसिंकची गरज नाही. पण त्याचीही हमी 4 व्होल्टांखाली जात नाही. ईएसपी32साठी एओ3400 घ्यावा: तांदळाच्या दाण्याएवढा, 30 व्होल्टांचा, आणि अडीच व्होल्टांवरचा रोध डेटाशीटमध्ये लेखी दिलेला.

गेट सतत प्रवाह घेत नाही, पण दर वेळी उघडताना त्यात विद्युतभार भरावा लागतो. आयआरएलझेड44एनला जास्तीत जास्त 48 नॅनोकूलंब लागतात. पिनेच्या 20 मिलिअँपिअरला त्यासाठी सुमारे अडीच मायक्रोसेकंद पुरतात. अर्डुइनो दिवा मंद करताना साधारण 490 हर्ट्झने उघडझाप करतो, एक फेरा दोन हजार मायक्रोसेकंदांचा, त्यामुळे काही बिघडत नाही. 100 किलोहर्ट्झला मात्र सगळा फेराच 10 मायक्रोसेकंदांचा असतो, आणि अर्धवट उघड्या अवस्थेतच बराच वेळ जातो. तिथे वेगळी ड्रायव्हर चिप लागते.

गेटपासून जमिनीला 10 किलो-ओहम जोडावा, नाहीतर बोर्ड सुरू होताना लोंबकळते गेट मनाला येईल तसे वागते. पंप किंवा रिले असेल तर त्याला समांतर उलटा डायोड हवाच. कॉइलमधला प्रवाह एकदम तोडला की ती ट्रान्झिस्टर फोडण्याइतका दाब उसळवते. आणि हे सगळे एन-चॅनल मॉसफेट लोडच्या खालच्या बाजूला, जमिनीकडे, बसवल्याचे गणित आहे. वरच्या 12 व्होल्टांच्या बाजूला पी-चॅनल लावून थेट पिनेने चालवू गेलात, तर तो बंदच होत नाही: पिनेचे 5 व्होल्ट हे 12पेक्षा 7ने खालीच असतात. तिथे गेट ओढायला मध्ये पुन्हा बीसी547 लागतो.

राहिला बाजार. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो की ऑनलाइन दुकान, दुसऱ्याच तुकड्यावर प्रतिष्ठित नंबर छापून विकण्याचा धंदा जगभर चालतो. आयआरएलझेड44एनची पारख घरच्या मल्टिमीटरने होते. गेटला 5 व्होल्ट द्या, 2 अँपिअरचा लोड चालवा आणि ड्रेन-सोर्स या उरलेल्या दोन पायांच्या मधला दाब अगदी पायांवरच मोजा. गार तुकड्यावर तो 50 मिलिव्होल्टांच्या आत यायला हवा. 200 दिसले, तर नंबर काहीही छापलेला असो, तो आयआरएलझेड44एन नाही.