रस्त्यावरील खड्डे : चालकाचा संताप व गावाचे कर्तव्य

पावसाळा सरून दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातील गोदाकाठच्या गेवराई, माजलगाव व परळी या तालुक्यांत ऊसतोडणीस प्रारंभ होतो. फडातून निघालेला ऊस बैलगाडीने, ट्रकने किंवा दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरने कारखान्याकडे जाऊ लागतो. त्याच सुमारास कापूस जिनिंगकडे, सोयाबीन मोंढ्याकडे व दूध संकलन केंद्राकडे जात असते. आणि नेमकी त्याच सुमारास रस्त्यांची अवस्था वर्षातील सर्वांत वाईट असते. चार महिन्यांच्या पावसाने उखडलेल्या रस्त्यावर वर्षातील सर्वांत जड वाहतूक सुरू व्हावी, असा हा योग दरवर्षी येतो. त्याचा पहिला तडाखा वाहनचालकास बसतो, आणि शेवटचा शेतकऱ्यास.

चालकाची तक्रार रास्त आहे

खड्ड्यांविषयी वाहनचालक बोलू लागला म्हणजे त्याच्या बोलण्यात संताप असतो, आणि तो अनाठायी नसतो. ट्रॅक्टरच्या मागील चाकांना कमानपाटे नसतात. त्यामुळे प्रत्येक खड्ड्याचा हादरा थेट चालकाच्या कंबरेस व पाठीच्या कण्यास बसतो. ट्रकचे पाटे तुटतात, टायर फुटतात, ट्रॉलीचा हूक निसटतो. उसाने उंच रचलेली ट्रॉली एका बाजूने खड्ड्यात गेली की कलंडण्यास वेळ लागत नाही. साचलेल्या पाण्याखाली खड्डा किती खोल आहे हे दिसत नाही, आणि तो चुकविण्यासाठी वाहन वळवावे तर समोरून दुचाकी आलेली असते. रात्रीच्या वेळी, मागे लाल परावर्तक नसलेली ट्रॉली खड्ड्यापाशी रेंगाळली, तर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या ती जिवावर बेतते.

यात हिशेबाचीही एक बाजू आहे. ऊस वाहतुकीचे पैसे टनावर व अंतरावर ठरतात. रस्त्याच्या स्थितीवर नव्हे. जादा लागलेले डिझेल, तुटलेला पाटा व बुडालेली खेप यांचा भार वाहनधारकावर पडतो. परंतु हा भार तेथेच थांबत नाही. तोडणी व वाहतुकीचा खर्च अखेरीस उसाच्या देयकातून वजा होत असल्याने, वाहतूक महागली म्हणजे शेतकऱ्याच्या पदरी पडणारा पैसा कमी होतो. शिवाय तोडलेला ऊस जसजसा वाळत जातो तसतसे त्याचे वजन व त्यातील साखर घटते. वाटेत अडकून पडलेली ट्रॉली म्हणजे शेतातच झालेले नुकसान होय.

बीड जिल्ह्यास या प्रश्नाची झळ अधिक लागते, याचे कारण हा जिल्हा दीर्घकाळ रस्त्यांवरच अवलंबून राहिला. परळीस रेल्वे जुनी आहे. परंतु बीड शहरास ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी मिळाली. आजही फडातून कारखान्यापर्यंत, तांड्यातून दवाखान्यापर्यंत आणि वस्तीतून शाळेपर्यंत जाण्यास रस्त्यावाचून दुसरे साधन नाही. दरवर्षी जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, तीही ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बसून याच रस्त्यांनी. त्यांत लहान मुले असतात, गरोदर स्त्रियाही असतात.

खड्डा कसा पडतो?

चाकाने खड्डा पडतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. खड्ड्याचा आरंभ पाण्याने होतो. चाक ते काम पुरे करते.

डांबरी पृष्ठभागास प्रथम बारीक भेग पडते. भेगेतून पाणी खाली झिरपते. त्यावरून चाक गेले म्हणजे कोंडलेल्या पाण्यावर दाब पडतो व ते पाणी खडीवरचे डांबर सोडविते. डांबराची पकड सुटली की खडी मोकळी होते. खालचा मुरमाचा थर भिजून मऊ होतो, दबतो, आणि वरचा थर आधाराविना राहून खचतो. एकदा खळगा झाला की त्यात पुन्हा पाणी साचते आणि तो रोज रुंदावतो. रस्ता कोरडा राहील तर भेगेचा खड्डा होण्यास वर्षे लागतात; तोच पाण्यात राहिला तर एक पावसाळा पुरतो.

काळ्या मातीचा स्वभाव

बालाघाटच्या डोंगराळ भागात, म्हणजे पाटोदा, आष्टी व धारूर या बाजूस, जमीन पुष्कळ ठिकाणी हलकी असून मुरूम हाताशी असतो. गंगथडीची जमीन मात्र भारी काळी आहे. कापसास व उसास जी माती वरदान ठरते, तीच रस्त्यास शत्रू ठरते. काळी माती पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. रस्त्याखालची माती अशी वर्षातून एकदा फुगू व एकदा आकसू लागली की वरच्या थरास कडेने लांब भेगा पडतात. म्हणून काळ्या रानातील रस्त्यास मुरमाचा जाड थर, पुरेशी उंची व दोन्ही बाजूंस खोल चर हे सर्व अवश्य असते. यांपैकी एकाची कसर राहिली, तर वर कितीही चांगले डांबर टाकले तरी ते टिकत नाही.

हा जिल्हा अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जातो. पाऊसच कमी, तर चर कशास हवेत, असे कित्येकांस वाटते. परंतु येथील पाऊस थोड्या दिवसांत जोराने पडून जातो. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने जिल्ह्यातील नद्यांना मोठे पूर आले व रस्त्यांची आणि पुलांची हानी झाली. पाण्यास वाट नसली म्हणजे ते रस्त्यासच आपली वाट करते.

भाराचा हिशेब

अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा या गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर मोजक्या वजनाच्या मोटारी सतत चालविण्यात आल्या. त्या प्रयोगातून एक महत्त्वाचा नियम हाती आला. आसावरील भार दुप्पट केला तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही. ती सुमारे सोळा पट होते. भार दीडपट केला तरी झीज सुमारे पाच पट होते. यावरून असे दिसते की, आसावरील भार ठरलेल्या मर्यादेच्या दीडपट होईल इतका ऊस ट्रॉलीत भरून केलेली एक खेप रस्त्यास सुमारे पाच खेपांइतकी महाग पडते. ज्या खड्ड्यावर चालक संतापतो, त्यात काही वाटा त्याच्याच जादा भाराचा असतो, ही गोष्ट कटू असली तरी खरी आहे.

रस्ता कोणाचा?

तक्रार योग्य ठिकाणी गेली तरच तिचा उपयोग होतो. राष्ट्रीय महामार्ग केंद्र शासनाच्या अखत्यारीत येतात व त्यांवरील अडचणीसाठी १०३३ हा दूरध्वनी क्रमांक आहे. राज्य महामार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतील रस्त्यांच्या देखभालीची जबाबदारी बांधकामानंतर पाच वर्षे करारानेच ठेकेदारावर असते. रस्त्याच्या आरंभी लावलेल्या फलकावर काम पूर्ण झाल्याची तारीख असते. ती प्रथम वाचावी. या योजनेच्या रस्त्यांसाठी ‘मेरी सडक’ या ॲपवर छायाचित्रासह तक्रार करता येते.

रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल यांतील कसुरीमुळे मृत्यू अथवा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणा किंवा ठेकेदार यांस एक लाख रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये, व जखमी झालेल्यास इजेच्या मानाने पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई देण्याचा आदेश दिला. सुरक्षित रस्ता ही मेहेरबानी नसून नागरिकाचा हक्क आहे, हे यावरून स्पष्ट होते. तथापि भरपाईने गेलेला माणूस परत येत नाही. म्हणून खड्डा पडण्यापूर्वीची निगा हीच खरी.

पूर्वी रस्त्याच्या ठरावीक लांबीवर मैलकुली नेमलेले असत. चर उपसणे, साईडपट्टी भरणे, लहान खळगा दिसताच बुजविणे ही कामे ते वर्षभर करीत. पुढे त्यांची संख्या घटत गेली व रोजची निगा मागे पडली. लहान खळग्याकडे पाहणारा डोळा राहिला नाही. तो डोळा आता गावाचा असावयास हवा.

खड्डा बुजविण्याची योग्य रीत

खड्ड्यात काळी माती किंवा शेतातील दगड टाकून तो बुजविणे म्हणजे त्यास मोठे करणे होय. माती पहिल्या पावसात चिखल होते व दगड चाकाखाली उडतात. डांबरी रस्त्याचे काम यंत्रणेचेच आहे. परंतु ते नीट होते की नाही हे गावाने पाहावे. खड्डा चौकोनी तोडून कडा उभ्या केल्या पाहिजेत, आतील सैल खडी, धूळ व पाणी काढले पाहिजे, तळास व कडांस डांबराचा हात देऊन मिश्रण थराथराने भरले पाहिजे, आणि प्रत्येक थराची दबाई झाली पाहिजे. पाणी असलेल्या खड्ड्यात मिश्रण ओतून निघून जाणे ही दुरुस्ती नव्हे.

मुरमाच्या पाणंद रस्त्याची दुरुस्ती मात्र गावास करता येते. चिखल खरवडून तळ कोरडा करावा. तळास दगड बसवून त्यावर मुरूम टाकावा, थोडे पाणी मारून तो धुमसाने चांगला ठोकावा व भरणी किंचित उंच ठेवावी.

गावाने करावयाच्या गोष्टी

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टींकडे लक्ष पुरवावे :

१. रोहिणी नक्षत्रापूर्वी रस्त्याकडेचे चर व मोऱ्या साफ कराव्यात. मोरीच्या तोंडाशी अडकलेला काडीकचरा व पऱ्हाटी काढून टाकावी.

२. रस्त्याचा ढाळ तपासावा. रुंदी पावणेचार मीटर असल्यास डांबरी रस्त्याचा मध्य कडेपेक्षा सुमारे ४ ते ५ सेंटिमीटर, व मुरमाच्या रस्त्याचा ६ ते ७ सेंटिमीटर उंच असावा. मध्यापासून कडेपर्यंत समपातळीत दोरी ताणली म्हणजे हे अंतर कोणासही मोजता येते.

३. साईडपट्टी नांगरू नये व चर बुजवून रान वाढवू नये. हातभर जमिनीच्या लोभाने संपूर्ण शिवाराचा रस्ता जातो.

४. पाटाचे किंवा पंपाचे पाणी रस्त्यावर सोडू नये. जलवाहिनी रस्त्याखालून न्यावयाची असल्यास परवानगी घ्यावी, आणि खोदलेला चर मुरमाने थराथराने ठोकून भरावा. कित्येक खड्ड्यांचा जन्म अशा कच्च्या भरलेल्या चरातच होतो.

५. नांगराचा फाळ डांबरावर टेकवून ट्रॅक्टर नेऊ नये. ट्रॉलीत मर्यादेइतकाच भार भरावा व तिच्या मागे परावर्तक लावावा.

६. पहिल्या मोठ्या पावसात दोघांनी रस्त्याने चालत जावे. पाणी कोठे तुंबते ते त्या दिवशी जितके स्पष्ट दिसते तितके पुढे दिसत नाही. त्या जागांची यादी ग्रामसभेपुढे ठेवावी, व ठिकाण आणि तारीख नमूद करून ती संबंधित कार्यालयास लेखी द्यावी व पोच घ्यावी.

७. गावात येणारे एसटीचालक, ट्रॅक्टरचालक, दूधगाडीवाले व रुग्णवाहिकेचे चालक यांस हंगामापूर्वी एकदा बोलावून विचारावे. कोणता खड्डा केव्हा पडला व कोठे वाहन घसरते, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक नसते.

या शेवटच्या सूचनेचे मोल विशेष आहे. चालकाचा संताप चहाच्या टपरीवर बोलून संपतो व वाया जातो. तोच ग्रामसभेच्या यादीत उतरला तर रस्त्याच्या कामास येतो. गावाने आपले चर मोकळे ठेवले, म्हणजे शासकीय यंत्रणेस जाब विचारण्याचा त्याचा हक्कही अधिक बळकट होतो. शेतकरी ज्याप्रमाणे पाऊस येण्यापूर्वी बांध दुरुस्त करून घेतो, त्याचप्रमाणे रस्ताही पावसापूर्वी पाहून घेतला पाहिजे. बांध फुटला तर एकाचे शेत वाहते. रस्ता तुटला तर साऱ्या गावाचे पीक, आजारी माणूस आणि शाळेची मुले अडून राहतात.