पंचवीस टक्के

तर्जनी मुळापासून गेली तर १४. दोन पेरं गेली तर ११, एकच गेलं तर ९. हाड न जाता नुसता शेंडा उडाला तर ५. मधलं बोट त्याहून थोडं स्वस्त: १२, ९, ७, ४. अनामिका आणि करंगळी एकाच भावात, अख्खी गेली तर ७. अंगठा महाग, ३०.

हे टक्के आहेत कमाईच्या क्षमतेचे. कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायदा, १९४८, दुसरी अनुसूची. असा तक्ता १९२३च्या कामगार भरपाईच्या कायद्यातही होता, म्हणजे बोटांना भाव लावण्याची रीत शंभर वर्षांची आहे. मला तो पाठ आहे, कारण पस्तीस वर्षं मी भोसरी आणि चाकणच्या लहान कारखान्यांच्या टाइम ऑफिसात काढली. हजेरी, पगारपत्रक, ईएसआयचं चलन आणि कुणाचा हात अडकला की चोवीस तासांत अपघाताचा बारा नंबर फॉर्म. फॉर्म भरून पाठवला की माझ्यापुरतं ते बोट संपायचं. पुढे त्या माणसाचं काय होतं ते पाहायची वेळ निवृत्तीनंतर पुनावळ्यात आली.

आमच्या सोसायटीच्या गेटवर रात्रपाळीला एक मुलगा असतो. परभणीकडचा, एकोणतीस वर्षांचा. राहायला टॉवरांच्या मधल्या पत्र्याच्या खोल्यांत. व्हिजिटरच्या वहीत तो डाव्या हाताने लिहितो आणि अक्षर पहिलीतल्या पोरासारखं गरगरीत काढतो. मार्च २०२२ मध्ये चाकणकडच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर त्याचा उजवा हात सापडला. पेडल एकदा दाबलं, ठोका दोनदा पडला. क्लचची चावी किंवा तिची स्प्रिंग झिजली की प्रेस असा न मागितलेला ठोका देतो. दुसऱ्या ठोक्याच्या वेळी हात जॉब काढायला आत गेलेला असतो. तर्जनीची दोन पेरं गेली, मधल्या बोटाचं एक. अनामिका चेपली, पण डॉक्टरांनी वाचवली.

त्या वाचलेल्या बोटावरूनच पुढचं सगळं झालं.

जुलै २०२२ अखेरपर्यंत त्याला तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मिळाला, रोजच्या पगाराच्या ९० टक्के दराने. मग मेडिकल बोर्ड. बोर्डाने तक्ता पाहिला: ११ अधिक ७, एकूण १८. एकाच अपघातातल्या इजांची बेरीज होते. अनामिका जागेवर आहे म्हणून तिचं शून्य. आता ही अनामिका कशी आहे, तर ताठ. वाकत नाही. ग्लास धरायला गेलं की आडवी येते, खिशात हात घालताना बाहेर राहते. तो म्हणायचा, “काका, हे तुटलं असतं तर बरं झालं असतं, निदान मोजलं तरी असतं.”

अनुसूचीच्या खाली एक टीप आहे, ती फारसं कुणी वाचत नाही. एखाद्या अवयवाचा वापर पूर्णपणे आणि कायमचा गेला, तर तो अवयवच गेला असं धरायचं. त्या एका ओळीवर अपील करायचं ठरलं. बोर्डाचा निर्णय कळवल्यापासून तीन महिन्यांची मुदत असते. आमचे बरेचसे दिवस निर्णयाची प्रत मिळवण्यातच गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अपील दाखल झालं आणि जानेवारी २०२४ मध्ये ट्रायब्युनलने अनामिकेचे ७ धरले. १८ चे २५ झाले.

त्या संध्याकाळी त्याने पेढे आणले. मी पेढा खाल्ला आणि विचारलं, “ऑर्डरची सर्टिफाइड प्रत कुठाय?”

कारण जिंकलेल्या माणसाचं काम तिथून सुरू होतं, हे टाइम ऑफिसातल्या माणसाला न सांगता कळतं. ऑर्डर म्हणजे पैसे नव्हेत. ऑर्डर म्हणजे कुणीतरी नवा हिशेब मांडावा, असं सांगणारा कागद. तो मांडायच्या आधी विमा महामंडळ ठरवतं की निकाल मानायचा की वर एम्प्लॉइज इन्शुरन्स कोर्टात जायचं. कायद्याने त्यांनाही तो हक्क आहे. म्हणजे पहिले काही महिने आम्ही पैशाची वाट पाहतच नव्हतो, समोरचा अपिलात जात नाही ना, याची पाहत होतो. न घडणाऱ्या गोष्टीची वाट पाहणं फार विचित्र. तिची पोच कुणी देत नाही.

नियमात कायम अपंगत्वाच्या पहिल्या हप्त्याला एक महिन्याची मुदत आहे, पूर्ण कागदपत्रांसह दावा पोचल्यापासून. सगळी गोम त्या ‘पूर्ण’मध्ये. त्याचं जुनं खातं कारखान्याच्या काळातलं. मधल्या काळात बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली आणि आयएफएससी बदलला. १८ टक्क्यांचा हप्ता नव्या कोडने येत होता, पण अपिलाच्या फाइलवर जुनाच कोड होता. आधारवर आडनाव शेवटी, ईएसआयच्या कार्डावर आधी. बोर्डाच्या कागदावर वडिलांचं नाव गाळलेलं. एकेक दुरुस्ती म्हणजे एकेक फेरी.

फेरी म्हणजे काय, तेही सांगतो. सकाळी सातला त्याची पाळी सुटते. पुनावळ्याचा अंडरपास त्या वेळी हायवेला चढणाऱ्या गाड्यांनी तुंबलेला असतो. पायी गेलं तर लवकर पार होतो, म्हणून तो पायीच जायचा आणि पुढे बस धरायचा. कार्यालय उघडेपर्यंत बाकावर बसायचा. तिथे झोप लागली तर नंबर जायचा, म्हणून भिंतीला टेकायचं नाही असा त्याने नियम केला होता. दुपारी परत, चारपाच तास पडायचं, पुन्हा गेट. रात्रपाळीमुळे त्याचा खाडा होत नव्हता, म्हणून या फेऱ्यांचा खर्च कुठल्याच कागदावर दिसत नाही. गेली ती झोप.

मी तीनदा बरोबर गेलो. खिडकीतली बाई वाईट नव्हती. तिनेच आधारच्या नावाची भानगड पहिल्या नजरेत पकडली आणि अर्जाचा नमुना स्वतःच्या हाताने काढून दिला. तिच्या टेबलावर तिच्याखेरीज आणखी दोघांचं काम होतं. “फाइल वर गेलीय” हे ती अशा सुरात सांगायची की मला माझाच आवाज आठवायचा. कामगार पगारातल्या चुकीबद्दल विचारायला यायचे तेव्हा मीही “हेड ऑफिसला पाठवलंय” असंच म्हणायचो. बहुतेक वेळा पाठवलेलंही असायचं.

तो मात्र मोजत होता. १८ टक्क्यांना रोजचे ६४ रुपये ८० पैसे मिळत होते, २५ टक्क्यांना ९० मिळायला हवेत. फरक २५ रुपये २० पैसे. व्हिजिटर वहीच्या शेवटच्या पानावर रात्री दोननंतर, गाड्या थांबल्या की, तो दिवसांना २५.२० ने गुणायचा. हिशेब १ ऑगस्ट २०२२ पासूनचा. फेब्रुवारी २०२४ ला २९ दिवस आहेत हे मला त्यानेच दाखवलं. “एक दिवस जास्तीचा मिळाला काका.” माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण ती लोकांना माहीत नसते. ईएसआय असलेल्या कामगाराला त्याच इजेसाठी मालकाकडे वेगळी भरपाई मागता येत नाही, कलम ५३. बदल्यात लाभ जन्मभराचा. पुढे दुसरी नोकरी केली तरी बंद होत नाही आणि कामाचा पहिलाच दिवस असला तरी मिळतो. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूरला नेहरूंनी या योजनेचं उद्घाटन केलं, तेव्हापासूनचा हा सौदा आहे आणि माझ्या मते तो वाईट सौदा नाही. आता नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. हे प्रकरण त्याआधीचं.

ऑगस्ट २०२४ मध्ये पैसे आले. पासबुकात एन्ट्री मारून तो थेट माझ्या दारात. १८,४२१ रुपये २० पैसे. ७३१ दिवस. त्याच्या शेवटच्या पानाशी पैशापैशाने जुळलं. ते वीस पैसे पाहून तो जितका हसला तितका पेढ्यांच्या दिवशीही हसला नव्हता.

मग त्याने हिशेबाचा कागद पुढे केला. “यात पूर्ण दर ३६० लिहिलाय. तो कशावरून?”

मी सांगितलं. रोजचा सरासरी पगार ४००, त्याचे ९० टक्के ३६०, त्याचे २५ टक्के ९०. मार्चमधला अपघात जानेवारी ते जूनच्या लाभकाळात पडतो, म्हणून पगार धरला तो एप्रिल ते सप्टेंबर २०२१ चा.

“पण मला तेव्हा साडेपाचशे पडत होते. ओव्हरटाइम धरून.”

ओव्हरटाइम व्हाउचरवर, रोख. तो ठेकेदारामार्फत लागलेला, आणि ठेकेदाराच्या रेकॉर्डवर चारशेच. ओव्हरटाइमवरही वर्गणी भरायची असते आणि तो लाभातही धरतात. म्हणजे दीडशे रुपये लपले. त्यावरची वर्गणी मालकाची सव्वातीन टक्के आणि कामगाराची पाऊण, मिळून चार टक्के: रोजचे सहा रुपये. हे सहा वाचले. साडेपाचशे धरले असते तर आज त्याला ९० ऐवजी १२३ रुपये ७५ पैसे मिळाले असते. रोज ३३.७५ कमी, जन्मभर. दोन वर्षं भांडून अपिलात मिळाले २५.२०.

मी हे सगळं एका दमात सांगितलं, कारण गणित मला तयारच होतं. तो कागदाकडे पाहत राहिला.

“तुम्ही पण लिहायचात का असं?”

“लिहायचो.”

दुसऱ्या कारखान्यात, दुसऱ्या माणसांचं, साहेबांनी सांगितलं म्हणून. हे सगळं मी त्याला म्हणालो नाही. रोजचे सहा रुपये वाचवताना ते कुणाच्या कुठल्या बोटातून जाणार आहेत ते दिसत नसतं, हेही नाही म्हणालो. दिसत नसतं हे खरं आहे, पण तक्ता तर मला तेव्हाही पाठ होता.

“आणि याचं अपील कुठे करायचं?”

व्हाउचरची झेरॉक्स आहे का, विचारलं. नव्हती. बरोबर काम करणारे कुठे आहेत? एक सुरतेला, एक गावी. सुरतेवाल्याचा नंबर लागतो का पाहतो म्हणाला.

सप्टेंबरात ऑगस्टचा हप्ता आला, २,००८ रुपये ८० पैसे. हवे होते २,७९०. फरकाची रक्कम नव्या दराने निघाली, पण चालू हप्ता अजून जुन्याच १८ टक्क्यांवर होता. मी नवा अर्ज लिहायला बसलो. दोन प्रती, एकीवर पोच घ्यायची. तो शेजारी बसला. वहीच्या शेवटच्या पानावर १८,४२१.२० च्या खाली त्याने डाव्या हाताने एक रेघ मारली आणि खाली लिहिलं: ऑगस्ट, ३१.