घटक ७ : शाश्वत जीवनशैलीविषयक लेखन आणि अर्थार्जन

७.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला –

• शाश्वत जीवनशैलीविषयक लेखनाचे स्वरूप स्पष्ट करता येईल.
• आपल्या परिसरातून लेखनाचा विषय निवडून त्याची मांडणी करता येईल.
• अशा लेखनातून होणाऱ्या अर्थार्जनाचे मार्ग व त्यांचा हिशेब सांगता येईल.
• लेखनाची विश्वासार्हता आणि अर्थार्जन यांचा संबंध विशद करता येईल.

७.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, भाषेचे शिक्षण घेणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यासमोर एक प्रश्न नेहमी उभा असतो. संसार, शेती किंवा नोकरी सांभाळून मिळवलेल्या या पदवीचा उपजीविकेसाठी काही उपयोग होईल काय? उपयोजित लेखनाच्या अनेक शाखा या प्रश्नाचे अंशतः उत्तर देतात. त्यांपैकी शाश्वत जीवनशैलीविषयक लेखन ही एक शाखा आहे. कमी पाण्यात, कमी इंधनात, कमी कचरा करून आणि तरीही समाधानाने कसे जगावे, हे वाचकाला समजावून सांगणारे लेखन म्हणजे शाश्वत जीवनशैलीविषयक लेखन होय. लेख, पुस्तिका, नियतकालिक, नभोवाणी किंवा डिजिटल माध्यम यांपैकी कोणत्याही वाटेने ते वाचकापर्यंत पोहोचू शकते. माध्यम कोणतेही असो, या लेखनाचे खरे भांडवल वाचकाचा विश्वास हेच असते. ते कसे जमवावे आणि अर्थार्जन करताना कसे राखावे, याचा विचार या घटकात आपण करणार आहोत.

७.३ विषय-विवेचन

७.३.१ संकल्पना आणि पूर्वपरंपरा

‘शाश्वत विकास’ ही संज्ञा १९८७ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या ब्रंटलँड आयोगाच्या अहवालामुळे जगभर रूढ झाली. पुढील पिढ्यांच्या गरजांना बाध न आणता आजच्या पिढीने आपल्या गरजा भागवणे, असा तिचा आशय आहे. संज्ञा नवी असली तरी मराठीत या विचाराचे लेखन आणि त्यावर आधारलेले कार्य आधीपासून होत आले आहे.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर हे याचे ठळक उदाहरण होय. ते गणिताचे अध्यापक होते. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात त्यांनी काम केले. लेख, पत्रव्यवहार आणि प्रत्यक्ष भेटी यांच्या आधारे त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. एकाने आपल्या शेतात किंवा परसात प्रयोग करावा, त्याचा अनुभव इतरांना कळवावा आणि इतरांनी तो तपासून पुढे न्यावा, अशी या परिवाराची रीत होती. तासगाव परिसरातील द्राक्षबागायतदारांना या रीतीचा लाभ झाला. दहा गुंठे, म्हणजे पाव एकर जमिनीत एका कुटुंबाच्या गरजा कशा भागतील, याचे गणित त्यांनी मांडले. ‘विपुलाच सृष्टी’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध आहे.

दुसरे उदाहरण दिलीप कुलकर्णी यांचे आहे. अभियंता म्हणून शिक्षण घेतलेल्या या लेखकाने नोकरी सोडली आणि रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील कुडावळे येथे साधे, पर्यावरणस्नेही जीवन स्वीकारले. ‘निसर्गायण’ हे त्यांचे पुस्तक आणि ‘गतिमान संतुलन’ हे त्यांचे मासिक याच जीवनातून आले.

दोन्ही उदाहरणांतून एक समान सूत्र दिसते. लेखकाने स्वतः केलेली कृती हा लेखनाचा पाया आहे. जे लिहिले ते आधी करून पाहिलेले असल्यामुळे वाचकाच्या ‘हे जमते का?’ या प्रश्नाला लेखकाजवळ उत्तर असते.

७.३.२ वाचकाची गरज : वारणेचा अनुभव

उत्तम माहिती जमा केली की वाचक आपोआप येतात, हा समज बरोबर नाही. यासंदर्भात कोल्हापूर जिल्ह्याच्या पन्हाळा तालुक्यातील कोडोलीला लागून असलेल्या वारणानगरचा अनुभव अभ्यासण्यासारखा आहे. तात्यासाहेब कोरे यांच्या नेतृत्वाखाली येथे साखर कारखाना, दूध संघ, बाजार, शिक्षणसंस्था असा सहकारी समूह उभा राहिला. १९९८ साली केंद्र शासन, महाराष्ट्र शासन आणि हा सहकारी समूह यांच्या सहकार्याने येथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर व सांगली या जिल्ह्यांतील ७० गावांत संगणक पोहोचवावेत आणि शेती, आरोग्य, शिक्षण, शासकीय योजना यांची माहिती गावातच मिळावी, असा त्याचा उद्देश होता.

पुढे झालेल्या अभ्यासांत असे आढळले, की शेतकरी या केंद्रांचा उपयोग प्रामुख्याने ऊसविषयक व्यवहारांसाठी करत होते. आपल्या उसाचे वजन किती भरले, खताची उचल किती झाली, पैसे किती निघतात, हे त्यांना हवे होते. त्यामुळे हीच माहिती संगणकाऐवजी मोबाइलवरील लघुसंदेशाने देण्याचा प्रयोगही नंतर काही गावांत करण्यात आला.

लेखकाने यातून काय घ्यावे? सर्वांसाठी लिहिलेली सर्वसाधारण माहिती वाचकाला बांधून ठेवत नाही. त्याच्या आजच्या अडचणीचे नेमके उत्तर मात्र त्याला पुन्हा पुन्हा तुमच्याकडे आणते. ‘पर्यावरण वाचवा’ हा विषय फार मोठा आहे. ‘मार्चनंतर परसबागेला सांडपाण्यावर कसे जगवावे?’ हा विषय लहान आहे, परंतु त्याला वाचक आहे.

७.३.३ विषयाची निवड आणि मांडणी

कोडोलीत राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीने या लेखनास आरंभ करायचे ठरवले, असे समजा. तिने विषयासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. उसाचा पट्टा, वारणेचे पाणी, दुभती जनावरे, शेणखत, बाजारातील प्लॅस्टिक आणि गुऱ्हाळ हे सारे तिच्या दाराशी आहे. यांपैकी गूळ हा विषय आपण नमुन्यादाखल घेऊ.

कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. एक टन उसापासून साधारणपणे १०० ते १२० किलो गूळ मिळतो. रस काढल्यावर उरलेले चिपाड वाळवून तेच चुलवाणात जाळतात; म्हणजे इंधन उसातूनच मिळते. काहिलीत रस उकळू लागला की मळी वर यावी म्हणून रानभेंडीचा चिकट रस घालण्याची जुनी पद्धत आहे. बाजारात पिवळ्या, उजळ गुळाला अधिक भाव मिळतो. त्यामुळे काही ठिकाणी रंग उजळण्यासाठी हायड्रॉससारखी रसायने वापरली जातात. गुळात उरणाऱ्या गंधकयुक्त अंशावर अन्नसुरक्षेच्या नियमांनी मर्यादा घातलेली आहे.

या माहितीवर दोन प्रकारे लिहिता येईल. पुढील वाक्ये पाहा.

(अ) ‘साखर हे विष आहे. आमच्या गावचा सेंद्रिय गूळ खा आणि निरोगी राहा.’

(आ) ‘हा गूळ करताना रसात रंग उजळणारे रसायन घातलेले नाही, म्हणून तो गडद दिसतो. ऊस मात्र रासायनिक खतावर वाढलेला आहे. गूळ हीदेखील साखरच असल्याने मधुमेह असलेल्यांनी तो वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये.’

पहिले लेखन आकर्षक आहे, पण त्यात दोन दोष आहेत. एक, ‘रसायनविरहित’ आणि ‘सेंद्रिय’ या शब्दांची त्यात गल्लत झाली आहे. गूळ करताना रसायन टाळले म्हणजे ऊस सेंद्रिय ठरत नाही. बाजारात ‘सेंद्रिय’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नासाठी राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम किंवा सहभागी हमी पद्धती यांचे प्रमाणीकरण असते आणि वेष्टनावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह असते. थेट विक्री करणाऱ्या लहान उत्पादकांना यात काही सवलत आहे. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. एखाद्या मधुमेही वाचकाने त्यावर विश्वास ठेवला, तर त्याच्या शरीराला अपाय होऊ शकतो. शब्द बेजबाबदार असेल तर त्याची किंमत वाचकाला मोजावी लागते, हे या लेखनप्रकारात कधीही विसरू नये.

म्हणून मांडणी करताना प्रत्येक लेखात चार गोष्टी असाव्यात : वाचकाची अडचण, तुम्ही स्वतः केलेली कृती, तिला लागलेला वेळ व खर्च, आणि तिची मर्यादा. मर्यादा सांगितल्याने लेखन दुबळे होत नाही. वाचकाला आपल्या घरी काय जमेल याचा अंदाज त्यामुळेच येतो. प्रमाण मराठीचा आधार ठेवावा; मात्र चिपाड, काहील, चुलवाण यांसारखे व्यवसायातील शब्द जसेच्या तसे ठेवावेत.

७.३.४ अर्थार्जनाचे मार्ग

आरंभी किमान दहा-बारा लेख लिहून तयार ठेवावेत. त्यानंतर पुढील मार्गांचा क्रमाने विचार करावा. पहिल्या वर्षी या कामावर घरखर्च अवलंबून ठेवू नये.

मानधन : दैनिकांच्या पुरवण्या, कृषी नियतकालिके आणि दिवाळी अंक यांत लेख देता येतात. मानधनाची रक्कम अनेकदा अल्प असते, मात्र त्यातून लेखकाची ओळख निर्माण होते. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार लेखावर प्रथम हक्क सर्वसाधारणपणे लेखकाचा असतो. तो हक्क कायमचा द्यावयाचा की एकदा छापण्यापुरता, हे लेख देतानाच लेखी ठरवून घ्यावे.

पुस्तिका : समजा, ४० पानांच्या पुस्तिकेच्या ५०० प्रतींना २०,००० रुपये खर्च आला आणि किंमत ८० रुपये ठेवली. विक्रेत्याला ३५ टक्के सवलत दिली तर प्रतिमागे ५२ रुपये हाती येतात. म्हणजे ३८५ प्रती विकल्या जाईपर्यंत केवळ खर्च भरून निघतो आणि सर्व प्रती संपल्यावर ६,००० रुपये उरतात. त्याच प्रती आठवडी बाजारात, बचत गटांच्या मेळाव्यात किंवा शाळांत स्वतः विकल्या तर २५० प्रतींतच खर्च निघतो. प्रवासाचा खर्च मात्र यात धरलेला नाही. तो तुम्ही धरावा.

कार्यशाळा : कंपोस्ट खत, परसबाग, कापडी पिशव्या यांसारख्या विषयांवर अर्ध्या दिवसाची कार्यशाळा घेता येते. १५ जणांकडून प्रत्येकी ३०० रुपये घेतले तर ४,५०० रुपये जमतात. साहित्य व जागा यांसाठी १,५०० रुपये वजा केल्यास ३,००० रुपये उरतात. कार्यशाळेत विचारले गेलेले प्रश्न हेच तुमच्या पुढील लेखांचे विषय होत.

वर्गणी : नियमित वाचकांकडून वार्षिक वर्गणी घेऊन छोटे नियतकालिक चालवता येते. छापील नियतकालिक काढावयाचे असल्यास २०२३ च्या वृत्तपत्र व नियतकालिक नोंदणी कायद्यानुसार नोंदणी करावी लागते. वर्गणी म्हणजे वर्षभराचे वचन आहे, ही जाणीव ठेवूनच हा मार्ग धरावा.

जाहिरात आणि प्रायोजन : एखादा उत्पादक आपल्या वस्तूविषयी लिहिण्यासाठी पैसे किंवा वस्तू देतो. रकमेच्या दृष्टीने हा मार्ग मोहाचा आहे आणि म्हणूनच त्याचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक आहे.

७.३.५ विश्वासार्हता आणि कायदा

शाश्वत जीवनशैलीचा लेखक वाचकाला मुळात ‘कमी विकत घ्या’ असे सांगत असतो. प्रायोजक मात्र ‘माझी वस्तू घ्या’ असे सांगण्यासाठी पैसे देतो. या दोहोंतील विसंगती लपवता येत नाही. घरातील स्टीलचा डबा चांगला असताना बांबूचा नवा डबा घेणे शाश्वत ठरत नाही. प्रायोजित लेखातही हे वाक्य लिहिण्याचे स्वातंत्र्य मिळत असेल, तरच तो प्रस्ताव स्वीकारावा.

कायद्याची चौकटही ध्यानात घ्यावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाप्रमाणेच शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिफारस करण्यापूर्वी योग्य ती खातरजमा केलेली असेल, तर शिफारसकर्त्याला या दंडातून सूट मिळते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार उत्पादकाशी असलेला आर्थिक संबंध उघड करणे आवश्यक आहे. २०२४ च्या तत्त्वांनुसार ‘पर्यावरणपूरक’, ‘हरित’ यांसारखे दावे पुराव्याशिवाय करता येत नाहीत. म्हणून ‘या लेखासाठी मोबदला घेतला आहे’ हे वाक्य लेखाच्या आरंभीच, मोठ्या व स्पष्ट अक्षरांत द्यावे.

वाचकाने एकदा फसवणूक अनुभवली की तो तुमची पुस्तिका घेत नाही, कार्यशाळेला येत नाही आणि वर्गणीही भरत नाही. एका प्रायोजनाच्या रकमेपायी उरलेले चारही मार्ग बंद होऊ शकतात. प्रामाणिकपणा हा येथे नीतीचा प्रश्न आहेच, शिवाय तो व्यवसायाच्या हिशेबाचाही भाग आहे.

७.४ सारांश

शाश्वत जीवनशैलीविषयक लेखन कृतीच्या अनुभवावर उभे असते, हे श्री. अ. दाभोलकर आणि दिलीप कुलकर्णी यांच्या कार्यावरून दिसते. वाचकाच्या नेमक्या गरजेला उत्तर देणारी माहितीच वापरली जाते, हे वारणेच्या अनुभवातून कळते. मानधन, पुस्तिका, कार्यशाळा, वर्गणी आणि प्रायोजन हे अर्थार्जनाचे मार्ग असून या सर्वांचा आधार वाचकाचा विश्वास हाच आहे. अचूक शब्दयोजना, मर्यादेची कबुली आणि आर्थिक संबंधांची स्पष्ट नोंद यांनी तो टिकतो.

७.५ स्वाध्याय

१. ‘रसायनविरहित’ आणि ‘सेंद्रिय’ या शब्दांतील फरक गुळाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पाच्या अनुभवातून लेखकाने कोणता बोध घ्यावा, ते लिहा.
३. पुस्तिकेच्या वरील हिशेबात विक्रेत्याची सवलत ४० टक्के धरल्यास खर्च भरून निघण्यासाठी किती प्रती विकाव्या लागतील?

उपक्रम : आपल्या घरातील एका आठवड्याचा ओला व सुका कचरा रोज वजन करून नोंदवा. पुढील आठवड्यात तो कमी करण्यासाठी एकच बदल करा आणि पुन्हा वजन करा. आलेल्या निष्कर्षावर, बदल अयशस्वी ठरला असला तरी, ५०० शब्दांचा लेख लिहा. तुमच्या लेखनाचा आरंभ याच लेखापासून करावा.