रूळ उठले, वाट उरली

मुंबई-मद्रास हा मुख्य लोहमार्ग बार्शीला बगल देऊन कुर्डुवाडीवरून गेला, तेव्हा बार्शीच्या पेठेतील माल बैलगाड्यांत भरून स्टेशनापर्यंत न्यावा लागे. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फूट रुंदीच्या रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू केली आणि पेठ थेट मुख्य मार्गाशी जोडली गेली. पुढे हीच छोटी गाडी १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. मालाबरोबर तिने वारकऱ्यांच्याही कित्येक पिढ्या वाहून नेल्या.

बार्शीच्या अनुभवावर कॅलथ्रॉपने इंग्लंडमध्येही अशीच एक रेल्वे उभारली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. स्टॅफर्डशायर परगण्यातील मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात १९०४ साली ती धावू लागली. रूळ तेवढ्याच रुंदीचे, डब्यांची घडण हिंदुस्थानी धाटणीची. लांबी जेमतेम तेरा किलोमीटर. तिचा मुख्य आधार म्हणजे खोऱ्यातील दूध. १९३२ मध्ये मार्गावरील दुग्धालय बंद झाले आणि रेल्वेचे मोठे गिऱ्हाईकच गेले. एका गिऱ्हाइकावर विसंबलेल्या दुकानाचे जे होते, तेच तिचे झाले. मार्च १९३४ मध्ये शेवटची गाडी धावली.

येथवरची कथा अनेक लहान रेल्वेंची आहे. वेगळेपण पुढे आहे. रेल्वे कंपनीने तो जमिनीचा पट्टा तुकडे करून विकला नाही. सलग स्वरूपात परगण्याच्या कौन्सिलकडे सोपवला. रूळ निघाले आणि १९३७ साली त्याच वाटेवर पादचारी मार्ग खुला झाला. ब्रिटनमधील अशा मार्गांपैकी तो अगदी आरंभीचा होय. आज तेथे कुटुंबे पायी किंवा सायकलवरून जातात. वाटेत चुनखडीचे उंच कडे आहेत, उन्हाळ्यात भूमीखाली लुप्त होणारी नदी आहे. एका टोकाला हल्म एंडचे जुने स्टेशन पर्यटकांना माहिती देण्यासाठी जपले आहे.

अशा वाटेचा मोठा गुण तिच्या चढात असतो. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे, म्हणून अभियंत्यांनी टेकड्या खोदल्या, भराव घातले, ओढ्यांवर पूल बांधले. ज्या चढावर इंजिनाला धाप लागू नये म्हणून एवढा खर्च झाला, त्या चढावर आजोबा आणि नातू दोघेही सहज चालू शकतात. हे सारे काम आधीच झालेले असते. नव्या रस्त्यासाठी असा सलग पट्टा मिळवायचा तर शेकडो मालकांच्या दारी जावे लागेल.

व्यापारी मनात येथे प्रश्न येईल : यातून गावाला काय मिळते? त्याचे उत्तर न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मिळते. तेथील ओटागो सेंट्रल रेल्वेचा मिडलमार्चपासून क्लाइडपर्यंतचा भाग १९९० मध्ये बंद झाला. लोकर, मेंढ्या आणि फळे वाहणारी गाडी थांबली. १९९३ मध्ये सरकारच्या निसर्गसंवर्धन विभागाने हा पट्टा ताब्यात घेतला. खडी काढून बारीक मुरूम पसरला गेला, पुलांवर लाकडी फळ्या आणि कठडे बसवले गेले. कुरणांतून अनोळखी माणसे जाणार म्हणून काही शेतकऱ्यांनी विरोधही केला. अखेर २००० साली सुमारे दीडशे किलोमीटरचा पूर्ण मार्ग खुला झाला.

मोटारीने तेच अंतर दोन-तीन तासांत संपते आणि मधल्या गावांची नावेही लक्षात राहत नाहीत. सायकलवरील प्रवाशाला तीन ते पाच दिवस लागतात. त्याला दर काही मैलांवर पाणी हवे, दुपारी जेवण हवे, रात्री निवारा हवा, बिघडलेले चाक दुरुस्त करणारा हवा. त्याचे सामान पुढच्या मुक्कामी पोहोचवणे हाही तेथे एक व्यवसाय झाला आहे. वेगाने जाणारा गावाला धूळ देतो, सावकाश जाणारा चार पैसे देऊन जातो.

अर्थात प्रत्येक बंद लोहमार्गाची पायवाटच व्हावी, असे नाही. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणाऱ्या शकुंतला रेल्वेने वऱ्हाडचा कापूस वाहिला; ती पुन्हा, ब्रॉडगेजवर धावावी अशी तेथील लोकांची मागणी आहे आणि ती रास्त आहे. या दोन गोष्टींत विरोध मानण्याचे कारण नाही. अमेरिकेत १९८३ च्या कायद्याने बंद मार्गाचा पट्टा पायवाट म्हणून वापरता येतो आणि पुढे गरज पडल्यास तेथे रेल्वे परत आणण्याचा हक्कही शाबूत राहतो. वाट ही त्या जमिनीची राखणदार ठरते. पट्टा एकदा अतिक्रमणात आणि तुकड्यांत गेला की रेल्वेही नाही आणि वाटही नाही.

बार्शीचा मार्ग या शतकात ब्रॉडगेज झाला. धाराशिव शहराला जोडण्यासाठी तो काही भागात नव्या दिशेने वळवला गेला आणि जुन्या मार्गाचा तेथील पट्टा मागे राहिला. अशा जमिनीकडे पाहताना एक विचार आपल्या समाजाने अवश्य करावा. चातुर्मास संपला की साधु-साध्वी अनवाणी विहाराला निघतात. महामार्गाच्या कडेने, भरधाव वाहनांच्या शेजारून त्यांना चालावे लागते. अपघातांच्या दुःखद वार्ता प्रत्येक संघाने ऐकल्या आहेत. पंढरीच्या वारकऱ्यालाही हाच धोका आहे. वाहनरहित वाट, तिच्या कडेला मऊ मातीची पट्टी, सावलीची झाडे आणि जुन्या स्टेशनांच्या जागी पाण्याची व विसाव्याची सोय झाली, तर सर्वांचीच पावले निर्धास्त पडतील.

धर्मशाळा आणि पाणपोया बांधण्याची परंपरा व्यापारी घराण्यांना नवी नाही. मात्र त्यासाठी आधी वाट शिल्लक असावी लागते. मॅनिफोल्डच्या खोऱ्यात रूळ उठल्यानंतर तीन वर्षांत ती वाट लोकांना मिळाली, कारण मधल्या काळात कोणी ती मोडू दिली नाही. कॅलथ्रॉपच्या इंग्लंडमधील मार्गाला जे लाभले, ते त्याच्या बार्शीतील मार्गाच्या उरल्या पट्ट्यालाही लाभू शकेल. पण आधी तो पट्टा मोजून, नोंदवून सलग राखला पाहिजे.