मदत मोजली ती डुकरांवर, गरजेवर नाही

आयोवा राज्याच्या वायव्य कोपऱ्यातली सू काउंटी म्हणजे डुकरे, गुरे, मका आणि सोयाबीन यांवर जगणारा मुलूख. 2020 मध्ये कोरोनाच्या साथीत अमेरिकी सरकारने अशा काउंट्यांतल्या शेतकऱ्यांना थेट रकमा दिल्या. त्याविषयी दोन समज घट्ट बसले आहेत. एक, शेतकऱ्यांना फुकटचा पैसा वाटला. दुसरा, बुडणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला सरकारने हात दिला. मदतीचा हिशेब कसा झाला हे पाहिले, तर दोन्ही समज टिकत नाहीत.

पैसा फुकटचा नव्हता, कारण नुकसान खरे होते. एप्रिल 2020 मध्ये शेजारच्या साउथ डकोटातल्या सू फॉल्सचा प्रचंड कत्तलखाना कामगारांत साथ पसरल्याने बंद पडला. देशाच्या डुकराच्या मांसापैकी चार-पाच टक्के मांस त्या एका ठिकाणी तयार होत असे. वजन भरलेले डुक्कर गोठ्यात थांबवता येत नाही; त्याचे खाणे चालूच राहते आणि मागून पुढची पिले येत असतात. 17 एप्रिलला सरकारने 19 अब्ज डॉलरची योजना जाहीर केली. त्यातले 16 अब्ज थेट शेतकऱ्यांसाठी होते, उरलेले 3 अब्ज खाद्यपदार्थ विकत घेऊन वाटण्यासाठी. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत ज्या मालाचा भाव 5 टक्के किंवा अधिक घसरला, तो माल पात्र ठरला. दर वॉशिंग्टनमध्ये ठरले. काउंटीच्या कार्यालयाने फक्त अर्ज घेतले. त्यामुळे स्थानिक कारकुनाने मर्जीतल्यांना जास्त दिले, या संशयाला दरांच्या हिशेबात जागाच नव्हती.

मात्र हे दर नगावर होते. त्या तीन महिन्यांत विकलेल्या 120 पौंडांखालच्या डुकरामागे 28 डॉलर, त्याहून मोठ्यामागे 18, आणि नंतर गोठ्यात उरलेल्या प्रत्येकामागे 17. एका व्यक्तीला कमाल अडीच लाख डॉलर. पण शेतात राबणारे तीन भागीदार असलेल्या कंपनीला साडेसात लाखांपर्यंत. ज्याची जनावरे जास्त त्याचे नुकसान जास्त, मग रक्कमही जास्त हवी, असे कोणी म्हणेल. नुकसानभरपाई म्हणून हा युक्तिवाद रास्त आहे. पण मोठ्या नुकसानाबरोबर ते सोसण्याची ताकदही अनेकदा मोठी असते, आणि ती या हिशेबात कुठेच मोजली गेली नाही. शिवाय या भागात पुष्कळ शेतकरी दुसऱ्याच्या मालकीची डुकरे करारावर पोसतात. डुक्कर त्यांचे नसल्याने भावाचा फटका त्यांचा मानला गेला नाही. गोठा रिकामा राहिला तरी पहिल्या फेरीत त्यांना काहीच मिळाले नाही. डिसेंबर 2020 च्या कायद्याने त्यांच्या उत्पन्नातल्या तुटीच्या 80 टक्क्यांपर्यंत भरपाई मान्य केली, पण अर्जांचे काम पूर्ण व्हायला 2021 चा उत्तरार्ध उजाडला.

तिसरा गैरसमज त्याच साथीत लघुउद्योगांसाठी दिलेल्या माफ होणाऱ्या कर्जाचा. प्रसिद्ध झालेल्या याद्यांत शेतांच्या नावापुढे 20,833 डॉलर हा आकडा पुन्हा पुन्हा दिसतो, आणि वाचणारा लगेच घोटाळा म्हणतो. एकट्याने शेती करणाऱ्याचे एक लाखापर्यंतचेच वार्षिक उत्पन्न धरायचे आणि त्यातले अडीच महिन्यांचे द्यायचे, या नियमाचे ते उत्तर आहे. सुरुवातीला निव्वळ नफा धरत. डिसेंबर 2020 च्या कायद्याने एकूण उत्पन्न धरण्याची मुभा दिली, म्हणून कागदावर तोटा दाखवणारेही कमाल रकमेपर्यंत पोचले. अस्तित्वातच नसलेल्या शेतांच्या नावे कर्जे उचलल्याचे प्रकार देशात घडले, हेही खरे. पण ते आकड्यावरून उघड होत नाहीत. त्या पत्त्यावर खरोखर शेत आहे का, हे पाहावे लागते.

म्हणून यादी वाचताना किती मिळाले यावर थांबू नये. जनावर कोणाच्या मालकीचे, रक्कम एकाची की भागीदारांची, आणि कोणत्या नियमाने ती निघाली, एवढे तपासावे. मग दोष शेजाऱ्याला न देता, जनावराचा मालक आधी मोजून राबणाऱ्याला उशिरा मोजणाऱ्या त्या नियमाला देता येईल.